रोटाच्या आधीची साखर

मान झाकण्यासाठी मी उंच गळ्याचे ब्लाऊज शिवायला लागले तेव्हा माझं वय सव्वीस होतं. धुळ्यात आमच्या घराच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन असायचं. गल्लीतल्या बायका पाठीला खोल गळे मागायच्या, आणि मी स्वतःसाठी मात्र मागून केसांपर्यंत चढलेला गळा शिवायची. कुणी विचारलं तर सांगायची, नवीन फॅशन आहे. एकदोघींनी तर माझं बघून तसे शिवूनही घेतले.

फॅशन वगैरे काही नव्हती. मानेवर एक काळी, जाडसर वळी उमटली होती. बेसन लावलं, लिंबू चोळलं, वजरीनं घासून घासून कातडी सोलून काढली. वळी तशीच. हनुवटीवर राठ केस यायला लागले, ते मी दार लावून चिमट्यानं उपटायची. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी. आणि कमर वाढत चालली होती. जगाची मापं घेणारी बाई मी, माझ्याच टेपनं मला खोटं कसं सांगावं?

हे असं उघड लिहायची मला लाज वाटत होती. पण गेल्या महिन्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी ड्रेसचं माप द्यायला आली. गळ्याला टेप लावताना तिनं ओढणी घट्ट धरून ठेवली. मी हळूच ओढणी बाजूला केली तर तीच वळी. ती खाली मान घालून म्हणाली, "काकू, मी रोज घासते हो, मळ नाहीये तो." तिला मी बसवून घेतलं आणि चहा दिला, बिनसाखरेचा. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

जळगावच्या डॉक्टरबाई

लग्नाला पाच वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, म्हणून माझी नणंद मला जळगावला घेऊन गेली. ती जळगावजवळ नशिराबादला दिलेली. जळगावच्या एका डॉक्टरबाईंबद्दल तिनं चांगलं ऐकलं होतं. माझे सासरे लग्नाआधीच वारलेले. सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, निघताना एवढंच म्हणाल्या, "पोरनं इचारी ये. बाकी मी पाही लिसू." मुलाचं काय ते विचारून ये, बाकीचं मी बघून घेईन.

सोनोग्राफी तेव्हा नवीनच आली होती. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लावलं आणि बाकावर बसवलं. पोट फुटायला आलं तरी आत बोलावेनात. शेजारची बाई मला म्हणाली, "हसू नका आणि खोकू नका, म्हणजे झालं." त्यावर आम्ही दोघीही हसलो आणि दोघींचे हाल झाले.

डॉक्टरबाईंनी पोटाआधी माझी मान बघितली. मागून गळा खाली ओढला आणि "हं" म्हणाल्या. मग मशीनवर बघून सांगितलं की बीजकोशांवर बारीक बारीक गाठी आहेत, बीज वेळेवर तयार होत नाही, म्हणून पाळी लांबते.

गाठी हा शब्द ऐकला आणि पुढचं मला काही ऐकू येईना. माझा चेहरा बघून त्यांनी माझा हात दाबला. "कॅन्सरच्या गाठी नव्हेत या. साबुदाण्याएवढे फुगे समजा. पुष्कळ बायकांना असतात. मूल होणार नाही असंही नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला साखरेचा आजार?"

माझ्या आईला होता. सावद्याला केळीच्या बागेत जन्म काढलेली माझी आई. तिच्या पायाला काही लागलं की महिनोन्‌महिने भरायचं नाही. त्याआधीच्या वर्षीपासून तिला डाव्या डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं होतं. सुईत दोरा ओवायला तिनंच मला शिकवलं, आणि आता तिच्या सुईत दोरा मी ओवत होते.

"मग दोन वेळा रक्त तपासून घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उपाशीपोटी एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा. तुम्ही मुलासाठी आलात, मला कळतंय. पण मूल झालं तरी हा आजार जात नाही. मला तुमच्या साखरेची जास्त काळजी आहे."

परतीच्या एसटीत नणंद म्हणाली, "वहिनी, मूल होईल म्हणाल्या ना, मग झालं तर." मीही मान हलवली. पण डोळ्यांसमोर मूल नव्हतं. आईचा पाय होता.

रोटाचा डबा

धुळ्यात परत येते तो श्रावण लागला आणि कानबाईची गडबड सुरू झाली. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू दळतात आणि त्या पिठाचे पुरण घातलेले रोट करतात. हा रोट भाऊबंदांनीच खायचा. शेजारी द्यायचा नाही, गाईला घालायचा नाही, आणि श्रावणी पौर्णिमेच्या आत संपवायचा. उरला तर दोष घरावर. त्यामुळे ते दिवस सकाळी रोट, दुपारी रोट. कुणी नको म्हणालं तर अक्का त्याच्याकडे अशा बघायच्या की हात आपोआप ताटाकडे जायचा.

त्याच आठवड्यात आमच्या ह्यांना एसटीच्या वर्कशॉपमधून सुट्टी मिळाली. म्हणाले, चल, रक्ताचं उरकून टाकू. सकाळी मी उपाशीपोटी रक्त दिलं. मग जेवायचं होतं. अक्कांनी डबा दिलेलाच होता: दोन रोट, तूप, वर दुधाची बाटली. लॅबच्या मागच्या निंबाखाली बसून मी ते सगळं खाल्लं. संपवायचंच होतं ना. दोन तासांनी पुन्हा रक्त दिलं.

रिपोर्टवर दोन आकडे होते. वर एकशे अठरा, खाली एकशे ब्याऐंशी. लॅबमधला माणूस म्हणाला, "जेवणानंतरची जास्त आहे. डॉक्टरांना दाखवा."

घरी आल्यावर ह्यांनी तो आकडा वाचून दाखवला. अक्का रोटावर तूप सोडत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही. "पुरणना रोट खाईसन रगत दिन्हं. साखर नही ते काय मीठ निंघी?"

सगळे हसले. मीही हसले, आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. बरोबरच तर होतं. ती साखर माझी नव्हतीच, कानबाईची होती. प्रसादाच्या साखरेला आजार कसं म्हणायचं? डॉक्टरबाईंनी पाळीसाठी दिलेल्या गोळ्या मी चालू ठेवल्या, आणि रिपोर्ट दाखवायला काही आम्ही गेलो नाही. खालच्या आकड्यावर एवढं बोलणं झालं, वरच्याकडे कुणी बघितलंच नाही. ते रक्त रोट खायच्या आधीचं होतं. रात्रीपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब सोडून काही नव्हतं.

आईचा पाय

थंडीत सावद्याहून निरोप आला, आईला जळगावला दवाखान्यात ठेवलंय. बागेत केळीच्या टेकूची, बांबूची कपची पायात शिरली होती. तिला दुखलंच नाही, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. साखरेनं पाय बधिर झालेला. कळलं तोवर अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला.

त्या वॉर्डात मी आईपाशी राहिले. सकाळी झाडूवाली पलंगाखालून फडकं फिरवायची, मग सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन यायची. ट्रेचा आवाज आला की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. आई पट्टी सोडताना पायाकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. समोरच्या खाटेवरच्या पहूरच्या आजी डबा आला की आधी आईला विचारायच्या, "कळण्याची भाकर चालती का वं तुले?" आणि त्या ज्वारी-उडदाच्या भाकरीचा चतकोर पुढे करायच्या. परक्या ठिकाणी माणसाला असा एक चतकोर पुरतो.

एके दिवशी मी आईच्या टाचेखाली उशी सरकवायला वाकले. घाईत घरचा जुना ब्लाऊज घातला होता, साध्या गळ्याचा. पदर घसरला. आईनं हात लांबवून माझ्या मानेवर ठेवला आणि एका डोळ्यानं निरखून बघत राहिली.

"मंगल, हे कधीपासून?"

"मळ आहे गं. जात नाही."

"मळ नाही हा." तिनं बोटांनी वळी चाचपली. मग म्हणाली, "माही मानबी अशीच होती तुह्या वयात. तुह्या आजीनं लई घासली. राख लावली, चिंच लावली. मले वाटे मी घाणेरडी हाये."

मी तिच्या पायाच्या पट्टीकडे बघितलं. तिनं आपला हात तसाच माझ्या मानेवर ठेवला होता. मला रडू आलं ते अंगठ्यासाठी नाही, स्वतःसाठी आलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं. भीती माणसाला आपलंच बघायला लावते.

अक्का राखणीला

दुसऱ्या दिवशी अक्का विहीणबाईंना बघायला धुळ्याहून आल्या. आईनं त्यांना पलंगावर बसवून घेतलं आणि माझ्यादेखत सगळं सांगितलं. अक्कांनी आईचा पाय बघितला, माझी मान बघितली, आणि जरा घुश्शातच म्हणाल्या, "चाल. कोनती ती डॉक्टरीण, माले दखाड."

डॉक्टरबाईंनी तो जुना रिपोर्ट हातात घेतला. रोटाची गोष्ट ऐकून त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, "ठीक आहे. रोट नको, पुरण नको. आपण नुसतं ग्लुकोजचं पाणी देऊन तपासू. त्याआधी उपाशीपोटी."

त्या रात्री आम्ही नशिराबादला नणंदेकडे उतरलो. अक्कांनी माझी अशी राखण केली की विचारू नका. सकाळी नणंदेनं सवयीनं चहा पुढे केला तर अक्कांनी कप तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः प्यायल्या. लॅबमध्ये माझ्या शेजारी पदर खोचून बसल्या. आधी रक्त काढलं. मग ग्लासभर गोड मिट्ट पाणी. पहिल्या घोटालाच मळमळायला लागलं. अक्कांनी पिशवीतून लिंबू काढून नाकाशी धरलं आणि दोन तास ते तसंच धरून बसल्या.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आकडे सांगितले. उपाशीपोटीचा आकडा जवळपास पहिल्याइतकाच होता. गोड पाण्यानंतरचाही फारसा वेगळा नव्हता.

अक्कांनी खोचलेला पदर सोडला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आते ते हाईनी काहीच खादं नही. मी सोता ध्यान ठेयेल व्हतं." जणू कोर्टात साक्ष देत होत्या, आणि साक्ष आपल्याच घराविरुद्ध जात होती.

मला एकच विचारायचं होतं. "म्हणजे मला आईसारखं होणार?"

"तुम्ही शिवणकाम करता ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "नुसती छाती मोजून ब्लाऊज बेतता का? मग साखरेचं एकच माप घेऊन घाबरायचं नाही आणि खूषही व्हायचं नाही. उपाशीपोटीचा आकडा सांगतो, काही न खाता शरीर साखर कशी सांभाळतं. दुसरा सांगतो, दिलेली साखर त्याला वेळेत आवरते की नाही. तुमचे दोन्ही आकडे असायला हवेत त्याहून वर आहेत, पण मधुमेह म्हणावा इतके नाहीत. दूध वर आलंय, उतू गेलेलं नाही. आता चुलीपासून उठू नका, एवढंच."

मानेची वळी, हनुवटीचे केस, लांबलेली पाळी आणि ही साखर, ही सगळी एकाच घरची मंडळी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. घासून जाणारं काही नव्हतंच. मी घाणेरडी नव्हते, आई तर नव्हतीच नव्हती. दवाखान्यात परत जाऊन मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुह्या आजीले सांगाले पाह्यजे होतं." आजी जाऊन वीस वर्षं झाली होती.

देवीची वाट

वजन उतरवायचं, रोज चालायचं, गोड सोडायचं, भाताचा डोंगर कमी करायचा. सांगायला सोपं. पण तेव्हा आमच्या गल्लीत सुनेनं नुसतं चालायला बाहेर पडणं म्हणजे लोकांच्या तोंडी विषय. भाजी आणायची नाही, दळण न्यायचं नाही, मग ही चालली कुठे?

त्यावर तोड अक्कांनीच काढली. "रोज देवीले जात जाय. कोन्ही इचारं ते सांग, सासूनी धाडं." पांझरेच्या काठी देवीचं मंदिर, घरापासून चांगलं लांब. मी रोज पहाटे निघायची. गल्ली म्हणायला लागली, मुलासाठी नवस बोललाय वाटतं. मी म्हणून दिलं. देवी काय ते समजून होती.

अक्कांची आणि माझी भांडणंही झाली. त्या माझ्या ताटात सवयीनं जास्त भात वाढायच्या, मी परत टाकायची, त्यांना अपमान वाटायचा. एकदा मी चिडून म्हणाले, "तुम्हाला सून हवी की तिचा पाय कापलेला बघायचाय?" त्या भाताचं पातेलं उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी ताटात होती, भात वाटीत होता. ह्यांनी स्वतःचा भातही वाटीतच मागून घेतला. माझ्या नवऱ्याला गोड बोलता येत नाही, वाटीतला भात खाता येतो. मला तेवढं पुरे.

उन्हाळ्यापर्यंत माझे स्वतःचे ब्लाऊज मला उसवून बारीक करावे लागले. पाळी ओळीनं दोनदा वेळेवर आली. आणि मग श्रावण आला.

माझ्या वाटचा रोट

मला कानबाईची इतकी भीती कधी वाटली नव्हती. घरात पथ्य वेगळं आणि भाऊबंदांपुढे रोट नाकारणं वेगळं. आजारपण आम्ही गल्लीला सांगितलं नव्हतं, भावकीला तर नाहीच. वाटायचं, एवढे दिवस खावं मुकाट्यानं. मग आईचा पाय आठवायचा. माझ्या नावाचे गहूही मुठीनं मोजले गेले. मी बघत होते.

सोमवारी नदीवरून सगळे परतले. ओट्यापासून चुलीपर्यंत पंगत बसली. अक्कांनी माझ्या ताटात रोट ठेवला. मग पंगतीसमोर उभ्या राहून तो परत उचलला, त्यातला चतकोर मोडून माझ्या ताटात टाकला, उरलेला हातात धरला.

"हाई मन्ही सून शे," त्या म्हणाल्या. जणू कुणाला माहीतच नव्हतं. "तिले साखरनं पथ्य शे. तिना वाटाना रोट आपण बठ्ठासनी खावाना शे. घरभाईर जावाले नही पाहिजे."

 एक चुलत सासूबाई म्हणाल्या, "इतली जवान पोरले साखर? आन कानबाईना रोट नही म्हनस?"

"कानबाई माय शे," अक्का म्हणाल्या. "माय पोरले आजारी पडाले सांगस का?"

आणि त्या पंगतीतून फिरल्या. प्रत्येकाच्या ताटात माझ्या रोटाचा एकेक घास टाकत गेल्या. चुलत दीर, जावा, त्यांची पोरं. शेवटचा तुकडा त्या चुलत सासूबाईंना दिला. त्यांनी तो क्षणभर हातात धरला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मी माझा चतकोर खाल्ला. इतका गोड रोट मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि नंतरही नाही. वर्षभर लपवलेला आजार त्यांनी एका फेरीत सगळ्या घराच्या पोटात घातला होता.

रात्री भांडी घासताना त्याच चुलत सासूबाई माझ्याजवळ आल्या आणि माझ्या मानेवरचा पदर हळूच सरकवून म्हणाल्या, "हाई दख. मन्ही पोरनी मान बी अशीच शे."

आता

पुढल्या वर्षाच्या अखेरीस मला मुलगी झाली. पोटात असताना साखर वाढली, इन्सुलिन घ्यावं लागलं, सुईला सरावलेल्या बाईला त्या सुईचं मात्र भय वाटलं. बाळंतपणानंतर साखर खाली आली. घरचे म्हणाले, सुटलीस. मी दर वर्षी तपासून घेते, दोन्ही वेळा, आणि आधी वरचा आकडा वाचते. उतू अजून गेलेलं नाही. वळी फिकी झाली आहे, पूर्ण गेली नाही. ब्लाऊजला मी आता हवा तसा गळा शिवते. आई हे सगळं बघून गेली.

मुलगी पाच वर्षांची आहे. तिची वेणी घालताना माझं लक्ष रोज तिच्या मानेकडे जातं. अक्का रागावतात, म्हणतात, लेकराला आत्तापासून नजर लावू नकोस.

यंदाच्या कानबाईला पंगतीत ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. अक्का आता वाकून चालतात, पण माझ्या वाटचा रोट अजून त्याच मोडतात. चतकोर माझ्या ताटात पडला तशी मुलीनं दोन्ही हात पुढे केले. "आजी, आईच्या वाटचा सगळा मला."

अक्कांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हातातला तुकडा त्यांनी मधोमध मोडला, अर्धा तिच्या तळहातावर ठेवला, अर्धा पुढच्या ताटात टाकला.

"तुलेबी आर्धाच," त्या म्हणाल्या. "तू तिनीच पोर शे ना."